धुळ्यात चालतो, जळगावात बंद पडतो

माझे वडील वजनमापे निरीक्षक होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. जळगाव आणि आसपासच्या बाजारांमध्ये ते आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू उलटे करून बघत हिंडले. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा, आतून पोखरलेलं वजन, बोटाच्या नखानं हळूच दाबलेली दांडी हे सगळं त्यांनी इतक्या वेळा पकडलं होतं की सरळ माणूस समोर आला तरी त्यांची नजर आधी त्याच्या हातांकडे जायची. ते वाईट नव्हते. कुणाकडून कधी चहासुद्धा त्यांनी फुकट घेतला नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर अंगातला शर्ट उतरायचा, संशय उतरायचा नाही. आईनं आणलेली भाजी ते ओट्यावरच्या काट्यावर पुन्हा घालायचे. दूधवाला माप ओतताना ते दारात उभे राहायचे आणि तो बिचारा घाबरून उलट जास्तच ओतायचा. आई म्हणायची, "तुमच्यामुळे त्याचं नुकसान होतं, हो." नाना म्हणायचे, "जास्त ओततो म्हणजे रोज कमी ओतत असणार."

आमचं घर औद्योगिक वसाहतीच्या कडेला होतं आणि मागच्या भिंतीला लागून डाळमिल होती. तुरीची पिवळी पूड आमच्या घरात सगळीकडे असायची. खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, देव्हारा म्हणावा अशा आमच्या कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीच्या खांद्यांवर. आई सकाळी ओल्या फडक्यानं मूर्ती पुसायची आणि दुपारपर्यंत खांदे पुन्हा पिवळे झालेले असायचे. मिलची घरघर सकाळी सुरू व्हायची आणि दिवसभर थांबत-सुरू होत राहायची. पाहुणे आले की विचारायचे, "हा आवाज कसला?" आम्ही विचारायचो, "कोणता आवाज?" मोटर सुरू होताना आमची ट्यूब क्षणभर मिचकायची, तेही कुणाच्या लक्षात यायचं नाही. आता मी राहते त्या इमारतीत इतकं शांत आहे, की दुपारी पडल्यावर झोप लागत नाही.

त्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्यासाठी. बी.कॉम. झालं होतं, नोकरी नव्हती, आणि टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मी दिलेल्या होत्या. गावातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडत होता, तिथून नानांनी एक जुना संच विकत आणला. आणण्यापूर्वी त्यांनी तो तिथं बसून दिवसभर चालवून घेतला. त्याच्यावर मी कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प, लग्नाच्या पत्रिका, बायोडेटा टाइप करायचे. घरात पहिल्यांदाच माझ्या नावानं लोक येऊ लागले. "सुजाताताई आहेत का?" असं कुणी दारात विचारलं की आई आतून माझ्याकडे बघायची आणि चहाचं आधण वाढवायची.

मग आमच्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका करायचं ठरलं आणि तिचं सगळं काम समितीनं मला दिलं. माझ्या दृष्टीनं ती फार मोठी गोष्ट होती. समितीतले दोघंतिघं आधीच म्हणत होते की काम छापखान्यालाच द्यावं, घरच्या पोरीला जमायचं नाही. आणि छापखानेवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, तुमचं हे जुनं सॉफ्टवेअर आमच्याकडे उघडत नाही. नवीन टाका." नवीन सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवर चालेना. नवी सिस्टिम जुन्या हार्डडिस्कवर मावेना. हार्डडिस्क बदलायची तर रॅमही वाढवा, नाहीतर घड्याळाचं चिन्ह बघत बसाल, असं जो तो सांगायचा. घरात एक नळ बदलायला घेतला की भिंतच फोडावी लागते, तसलं ते प्रकरण होतं.

धुळ्याला नानांची थोरली बहीण होती. तिला आम्ही सगळे अक्काच म्हणायचो. नानांची आई लवकर गेली होती. अक्कानं त्यांना वाढवलं, स्वतःची शाळा सोडून त्यांना शाळेत घातलं. तिचा मुलगा प्रशांतदादा धुळ्यात कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान चालवायचा. तो माझ्यापेक्षा थोडा मोठा, कमी बोलणारा, आणि बोलताना समोरच्याऐवजी हातातल्या वस्तूकडे बघणारा. नानांच्या दृष्टीनं हे लक्षण चांगलं नव्हतं. पण आई म्हणाली, "घरचा पोरगा असताना बाहेरच्याला का द्यायचं?" आणि नाना कबूल झाले.

प्रशांतदादा एका रविवारी संच न्यायला आला. त्याच्या आदल्या दिवशी मी बाजारातून घरी आले तर नाना जमिनीवर बसलेले, सीपीयूचं झाकण काढलेलं, आणि त्यांच्या हातात माझी नेलपॉलिशची बाटली. आतल्या प्रत्येक भागावर, कोपऱ्यात, सहज दिसणार नाही असा एकेक लाल ठिपका ते लावत होते. तपासलेल्या वजनावर ते जसा शिक्का मारायचे, तसेच मन लावून.

मी म्हटलं, "नाना, तो प्रशांतदादा आहे."

"मला माहिताय कोण आहे," ते म्हणाले. "ठिपका लावला म्हणून तो चोर होत नाही. लावला नाही तर मात्र आपण मूर्ख होतो."

पंधरवड्यानं संच परत आला. प्रशांतदादानं एसटीत तो मांडीवर धरून आणला होता, एरंडोलपासून तर उभं राहून हातात, कारण एका म्हातारीला त्यानं जागा दिली होती आणि सीपीयू खाली ठेवायची त्याची तयारी नव्हती. आईनं त्या दिवशी डुबुकवड्या आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवण होईतो त्यानं सगळ्या वायरी जोडल्या, कॉम्प्युटर चालू केला, आणि पडदा असा झरझर उघडला की मी टाळीच वाजवली. संध्याकाळपर्यंत तो सुरळीत चालला. प्रशांतदादा शेवटच्या गाडीनं धुळ्याला गेला.

सोमवारी सकाळी मी स्मरणिकेचं पहिलं पान टाइप करायला बसले आणि मराठी अक्षरांच्या जागी चौकोन, डॉलरची चिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं उमटली. फोनवर विचारून फॉन्ट कसेबसे बसवले, तर प्रिंटर ओळख दाखवेना. त्याचीही समजूत घातली, आणि मग खरं दुखणं सुरू झालं. टाइप करता करता पडदा फट्कन काळा व्हायचा, बीप वाजायचं आणि कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू व्हायचा. जतन न केलेलं सगळं गेलेलं. अध्यक्षांचं मनोगत मी किती वेळा लिहिलं ते सांगत नाही. इतकं मात्र खरं, की आजही कुणाच्या भाषणात "या मंगलप्रसंगी" हे शब्द आले की माझ्या बोटांना कळ लागते.

प्रशांतदादा पुन्हा रविवारी आला. कॉम्प्युटर दिवसभर निमूट चालला. त्यानं पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहिला, जड फायली उघडल्या, काहीच झालं नाही. तो गेला आणि सोमवारी दुपारपर्यंत पडदा तीनदा काळा झाला. मग त्यानं संच पुन्हा धुळ्याला नेला. तिथं आठवडाभर रात्रंदिवस चालवला. एकदाही बंद पडला नाही. परत आणला, आणि इथं पुन्हा तेच.

"धुळ्यात चालतो, जळगावात बंद पडतो," नाना म्हणाले. "तो समोर असला की चालतो, गेला की बंद पडतो. माझ्या नोकरीत असे काटे मी खूप पाहिलेत. साहेब समोर असला की बरोबर मोजतात."

आईचा संशय वेगळाच होता. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि कढईतलं भरीत उगाचच परतत म्हणाली, "दर रविवारी येतोय, बघतेयस ना? आतेभाऊ आहे. अक्काच्या मनात काही असेल तर तिनं सरळ बोलावं. मशीन बिघडवून यायची काय गरज?"

"आई, तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"तेच तर," आई म्हणाली.

मी हसले, पण त्यानंतरच्या रविवारी तो आला तेव्हा मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचा प्रयत्न केला. त्याला ते जाणवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले आणि हातातला स्क्रू टेबलाखाली गडगडत गेला. संशयाचं हे असं असतं. तो घरात शिरला की प्रत्येकाला आपापल्या मापाचा सापडतो.

ज्या दिवशी सगळं फिसकटलं त्या दिवशी अक्काही सोबत आली होती. भावाकडे बऱ्याच दिवसांनी आली म्हणून तिनं पिशवी भरून वस्तू आणल्या होत्या. पापड, बिबडे, धुळ्याच्या बाजारातली लाल मिरची. नानांनी सगळ्यांची जेवणं होऊ दिली. अक्काच्या हातावर सुपारी ठेवली. मग ते उठले, सीपीयू जमिनीवर घेतला, झाकण काढलं आणि विजेरी लावून आत बघत म्हणाले, "प्रशांत, इकडे ये. आमची रॅमची पट्टी यात नाही."

"हो मामा," तो म्हणाला. "तुमची जुनी आणि नवीन एकमेकींशी जुळत नव्हत्या. म्हणून मी दोन्ही एकाच जातीच्या टाकल्या. जुनी दुकानात आहे. द्यायची राहून गेली."

"आम्ही एक सांगितली होती. तू दोन टाकल्यास. आणि आम्हाला बोलला नाहीस."

"घरचं काम होतं, मामा. म्हणून बोललो नाही."

"कोणी दुकानदार न सांगता जास्तीचा माल देतो?" नानांचा आवाज अजिबात चढला नव्हता. बाजारात पंचनामा करतानाही तो चढायचा नाही. "कमी देणारे मी पाहिलेत. जास्त देणारा पहिलाच. या दोन्ही पट्ट्या कुठल्या तरी बिघडलेल्या मशीनमधल्या आहेत, म्हणून हा बंद पडतो. आमची चांगली कुणाच्या मशीनमध्ये गेली तेवढं सांग."

प्रशांतदादानं झाकणाकडे पाहिलं, मग एका भागावरच्या लाल ठिपक्याकडे. तो ठिपका त्याला दुकानात आधीच दिसला असणार. तो काय आहे ते त्या क्षणी त्याला कळलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला कळलं की त्याला कळलं.

अक्का सुपारी हातात तशीच धरून उठली. "भास्कर," ती म्हणाली, "मना पोर्‍या चोर शे का?"

"अक्का, मी तसं म्हटलं नाही."

"नही म्हनस, मंग तेले असं इचारस कसाले? तुले मी वाढवं. मी तुना खिसा कधी तपासा का?"

आई मध्ये पडली, "अक्का, बसा हो, चहा टाकते," म्हणाली, पण अक्कानं चपला घातल्या होत्या. प्रशांतदादानं सीपीयूचं झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट आवळले, टेबल फडक्यानं पुसलं आणि तिच्या मागोमाग निघून गेला. बिबड्यांची पिशवी कोपऱ्यात तशीच राहिली. ते बिबडे तळायची आमच्यापैकी कुणाला इच्छा झाली नाही. शेवटी ते मऊ पडले.

चारेक दिवसांनी एसटीच्या पार्सलनं जुनी पट्टी आली. कागदात नीट गुंडाळलेली, सोबत एक ओळसुद्धा नाही. कोपऱ्यात लाल ठिपका होता. नानांनी भिंग आणलं, पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ठिपका ताजा वाटतो."

आईनं हातातली परात जमिनीवर आदळली. इतक्या वर्षांत मी तिला वस्तू आदळताना तेवढी एकदाच पाहिली.

त्यानंतर घरात कॉम्प्युटरबद्दल बोलणं बंद झालं. मी दर दोन ओळींनी फाइल जतन करत स्मरणिका रेटत होते. समितीतले लोक विचारायला लागले होते. छापखान्यालाच द्यावं, हे मीच आता कबूल करावं असं मनात यायचं. आणि मग एका मंगळवारी सकाळी आई मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या कानाला काही झालंय का गं? दडा बसल्यासारखं वाटतंय."

कानाला काही झालं नव्हतं. मिल भर मंगळवारी बंद होती. तिथं अलीकडेच नवीन मोठी मोटर बसवली होती, ती जळाली होती. दुरुस्त होऊन येईपर्यंत मिल बंद राहिली आणि त्या दिवसांत माझा कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी पानांमागून पानं काढली. बरं वाटत होतं, पण का चालतोय हे माझ्या डोक्यात येत नव्हतं. उलट मी प्रत्येक ओळीला घाबरत होते. मग एक दिवस पलीकडे घरघर सुरू झाली, ट्यूब मिचकली, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. प्रशांतदादा यायचा तो दुकान बंद असेल त्या दिवशी, रविवारी. मिलची सुट्टीही रविवारी. आणि धुळ्यात त्याच्या दुकानामागे डाळमिल नव्हती.

संध्याकाळी मी नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मिलवाल्यांची आणि प्रशांतची ओळख आहे का?" एवढं बोलून ते स्वतःच थांबले. मला वाटतं, त्या एका वाक्यात त्यांना स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तपासून बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मिलमध्ये गेले. निरीक्षकसाहेब दारात बघून शेटजींची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं, काटा तपासायला आले. "साहेब, मोटर बंद करा आणि चालू करा एवढंच?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. नाना घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. आई मागच्या दारात उभी राहून मिलच्या माणसाला हात करत होती. ती "चालू!" म्हणून ओरडली की इकडे ट्यूब मिचकायची आणि पडदा जायचा. नानांनी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. मला वाटत होतं, एकदा तरी तो बंद पडू नये अशी त्यांची इच्छा असावी. शेवटी त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "पट्ट्या चांगल्या आहेत."

वायरमन आला. आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं असं निघालं. ते घातलं, कॉम्प्युटरला यूपीएस लावला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांत पडदा तसा पुन्हा काळा झाला नाही. स्मरणिका वेळेवर छापून झाली. तिच्या शेवटच्या पानावर "अक्षरजुळणी" या शब्दापुढे माझं नाव आहे. पण प्रकाशनाच्या दिवशी पहिल्या रांगेत अक्कासाठी ठेवलेली खुर्ची रिकामीच राहिली.

त्याच आठवड्यात नाना मला घेऊन धुळ्याला गेले. पारोळा गेल्यावर खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "लोकांसमोर बोललो नव्हतो. घरात बोललो होतो." मी म्हटलं, "अक्कासमोर बोलला होतात."

दुकानात गिऱ्हाइकं होती. नानांनी ती जायची वाट पाहिली नाही. काउंटरपाशी उभे राहून, पंचनाम्यातलं वाक्य वाचावं तसं स्पष्ट म्हणाले, "प्रशांत, तुझा माल चांगला होता. आमच्या घरची वीज खराब होती. मी तुला चोर ठरवलं. चूक माझी आहे."

गिऱ्हाइकं बघत राहिली. प्रशांतदादा हातातल्या कीबोर्डकडे बघत म्हणाला, "बसा मामा. चहा सांगतो."

घर दुकानाच्या मागेच होतं. अक्का दारात आली, भावाकडे तिनं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "उभा काय र्‍हायना? हातपाय धू. जेवाले बस." नाना जेवताना रडले. अक्कानं त्यांच्याकडे लक्ष नसल्यासारखं करून ताटात आणखी भाकरी वाढली. तिच्यापुरतं ते तिथंच मिटलं. ती पुन्हा जळगावला यायला लागली, आमच्या आईशी भांडायला लागली, सगळं पहिल्यासारखं. तिच्या मनात माझ्याबद्दल कधी काही होतं का, हे मात्र पुन्हा निघालं नाही. माझं लग्न पुढच्या वर्षी भुसावळला ठरलं तेव्हा ती सगळ्यांच्या आधी येऊन राहिली होती.

प्रशांतदादाही आला, लग्नाला आला, नंतरही बोलावलं की येत राहिला. पण संच दुरुस्त करायला तो पहिल्यांदा परत आला, तेव्हा त्यानं सीपीयू टेबलावर ठेवला, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि थांबला. "मामा," तो म्हणाला, "समोर बसा. मग उघडतो."

"अरे, आता कशाला?" नाना म्हणाले. "तू कर तुझं काम."

"नाही मामा. बसा."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यानं एक पद्धत ठरवली होती, इतकंच. नाना बसले. त्यानंतर जितक्या वेळा तो आला, तितक्या वेळा नाना सांगण्याची वाट न बघता स्वतःच खुर्ची ओढून समोर बसायचे आणि काम संपेपर्यंत मान खाली घालून असायचे. शेवटच्या आजारात त्यांना बसवत नव्हतं, तेव्हा प्रशांतदादानं आमचा संच त्यांच्या पलंगाजवळ आणून उघडला.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली आहे. मागच्या महिन्यात धुळ्याला एका लग्नाला गेले होते, तर लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून सोबत नेला. प्रशांतदादाचं दुकान आता मोठं आहे, काचेचं दार आहे, हाताखाली माणसं आहेत. माझं काम मात्र त्यानं स्वतःकडे घेतलं. त्याचे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. मी म्हटलं, "दादा, तू कर निवांत, मी तोवर बाजारातून येते."

"मग बाजारातून आल्यावर उघडतो," तो म्हणाला.

"अरे, माझ्यासाठीसुद्धा?"

त्यानं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. त्यानं मागचं झाकण काढलं, आतला एक बारकासा भाग चिमटीत धरून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो नीट बघून मान हलवेपर्यंत त्यानं नवीन भागाच्या पुडक्याला हात लावला नाही.